बजाजनगरातील एक फिजिओथेरपी केंद्र : लकव्यानंतरच्या हातासाठी

वडिलांना लकवा झाल्यापासून उजव्या हाताच्या व्यायामासाठी आम्ही बजाजनगरातील एका लहान फिजिओथेरपी केंद्रात जातो. तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि मोजकी यंत्रे एवढाच तेथील पसारा आहे. तरीही नागपुरात कोणी विचारले, तर मी हेच केंद्र सुचवीन, कारण रुग्णाची उमेद टिकवण्याची येथील पद्धत मला मनापासून पटली आहे.

लकव्यात हात लुळा पडतो हे सर्वांना ठाऊक असते, पण त्यापुढे काय घडते हे घरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. सुरुवातीला रुग्ण त्या हाताने पेला उचलू पाहतो, पाणी सांडते, दोन-चारदा असे झाले की तो सगळी कामे चांगल्या हाताने उरकू लागतो. पुढे मेंदू काही अंशी सावरला, तरी दुबळा हात न वापरण्याची सवय तशीच राहते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी ही सवय ओळखली आणि चांगल्या हातावर मोजा चढवून दुबळ्या हाताकडून भरपूर काम करून घेण्याची उपचारपद्धती विकसित केली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २२२ रुग्णांच्या चाचणीत, लकव्याला तीन ते नऊ महिने उलटून गेलेल्यांनाही दोन आठवड्यांच्या अशा सरावाचा लाभ झाला आणि तो वर्षभरानंतरही टिकून होता. मात्र मनगट आणि बोटे थोडीतरी हलत असणाऱ्यांचीच त्या चाचणीसाठी निवड झाली होती.

या केंद्रात त्याच तत्त्वाचा सौम्य वापर करतात. पहिल्याच भेटीत तेथील ताईंनी वडिलांना सांगितले, "काकाजी, हात पहिल्यासारखा होईल असं मी म्हणत नाही. पण आज जेवढं करतो त्याहून जास्त करेल." भेटायला येणाऱ्या प्रत्येकाच्या "सगळं ठीक होईल" पेक्षा वडिलांना या दोन वाक्यांचा अधिक आधार वाटला.

संत्र्यांच्या हंगामात येथे संत्रे सोलण्याचा सराव देतात. नागपुरी संत्र्याची साल सैल असल्यामुळे चिमटीत थोडी ताकद आलेल्या बोटांनाही ती सुटते. ताई देठापाशी नखाने एक चीर पाडून देतात, वडील त्यात अंगठा सरकवतात, आणि जोर लावताना खांदा वर उचलला गेला की ताई तो हलकेच खाली दाबतात, कारण बोटांचे काम खांद्याने करून चालत नाही. फळ सोलून झाले की लागलेला वेळ वहीत लिहितात. वडील खट्टू झाले की त्याच वहीची मागची पाने त्यांच्यासमोर उघडली जातात. पानांवरचे आकडे त्यांना खोटे म्हणता येत नाहीत.

उमेद खचण्यालाही येथे हट्टीपणा समजत नाहीत. लकव्यानंतर सुमारे एक-तृतीयांश रुग्णांना नैराश्य येते, म्हणून झोप आणि भूक यांची चौकशी दर वेळी होते आणि गरज वाटल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्याचा सल्ला मिळतो. रुग्णाने आशावादी असलेच पाहिजे, हा हेका घरचे फार धरतात. आजारी माणसावर तो अन्यायच असतो.

उणिवाही आहेत. प्रवेशाचा उतार फार चढा असल्याने चाकाची खुर्ची ढकलायला दोन माणसे लागतात. संध्याकाळी गर्दी इतकी होते की प्रत्येकाकडे पुरेसे लक्ष देणे शक्य होत नाही, आणि मे महिन्यात दुपारी एकटा कूलर पुरत नाही. घरी येऊन उपचार देण्याची सोय नाही. महिन्याचे शुल्क आगाऊ घेतात, तेही मला खटकते.

बोटे अजिबात हलत नसतील, तर केंद्रात आधी आरशासमोरचे व्यायाम सुरू करतात. त्यात चांगल्या हाताचे प्रतिबिंब पाहत दुबळा हात हलवण्याचा प्रयत्न करायचा असतो. शक्यतो सकाळची वेळ मागावी, दवाखान्यातून सुटी मिळतानाचे कागद सोबत न्यावेत, आणि घरी सराव करून घेणाऱ्या व्यक्तीने पूर्ण वेळ शेजारी बसावे, कारण व्यायाम तिलाही शिकवले जातात.