बॉयलरचं प्रेशर भरायचं कशानं? नळी, खटका, चावी की ऑटोमॅटिक

घरातल्या हीटिंगचा बॉयलर बदलायला काढला की किती किलोवॅटचा घ्यायचा, कुठं बसवायचा यावर खल होतो. प्रेशर कमी झाल्यावर पाणी भरायची सोय कशी हवी, हे मात्र कुणी विचारत नाही. मग एका गारठलेल्या सकाळी काटा शून्याकडे टेकलेला दिसतो आणि आपण टॉर्च घेऊन बॉयलरच्या पोटाखाली वाकलेले असतो.

बंद सिस्टिममध्ये, म्हणजे तेच पाणी बॉयलर आणि खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरमधून फिरत राहतं तिथं, पाणी थंड असताना काटा साधारण 1 ते 1.5 बारवर (बार म्हणजे दाबाचं एकक) असावा. तापल्यावर तो 2 च्या आसपास चढला तर हरकत नाही. 3 बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून पाणी बाहेर सोडतो. उलट काटा फार खाली गेला, की आजचे बहुतेक बॉयलर पेटतच नाहीत. पाणी कशानंही भरा, बॉयलर आधी बंद करून थंड होऊ द्यायचा.

बाहेरची नळी म्हणजे स्टीलच्या जाळीत गुंडाळलेली लवचिक नळी आणि दोन टोकांना दोन व्हॉल्व्ह. एक बाजू नळाच्या पाण्याला, दुसरी हीटिंगला. एक व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा, दुसरा हळूहळू. पाण्याचा सूं आवाज येतो, काटा 1.3 पर्यंत आला की दोन्ही बंद. मग नळी काढून ठेवायची, कारण हीटिंगचं काळपट, औषध घातलेलं पाणी पिण्याच्या लाइनमध्ये उलटं शिरता कामा नये. त्यासाठी आत उलटरोधक झडप असतेच, पण काढलेल्या नळीइतकी खात्री कुठलीच झडप देत नाही. काढताना पेलाभर पाणी सांडतं, हात भरतात, म्हणून बहुतेक घरांत ती वर्षानुवर्षं जोडलेलीच दिसते.

तरीही माझं मत नळीच्या बाजूनं आहे, आणि त्याचं कारण स्वस्ताई नाही. कारण आहे तपास. समजा, कुणी पाणी भरलेलं नसताना प्रेशर आपोआप चढत चाललंय. नळी काढलेली असेल तर भरायची सोय लगेच संशयातून सुटते. मग कॉम्बी बॉयलरमध्ये (हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही देणाऱ्या) गरम पाण्याच्या हीट एक्स्चेंजरला, म्हणजे हीटिंगच्या पाण्याची उष्णता नळाच्या पाण्याला देणाऱ्या भागाला, बारीक भोक पडून नळाचं पाणी आत शिरत असण्याची शक्यता मोठी. बॉयलरच्या आतच पाणी भरायचा खटका असेल, तर दोष खटक्याचा की एक्स्चेंजरचा हे कळायला पुढचं झाकण उघडावं लागतं. गॅसच्या बॉयलरचं ते झाकण उघडणं आपलं काम नव्हे.

खटका वापरायला मात्र सगळ्यांत सोपा. खाली ओढायचा, काट्याकडे बघत राहायचं, सोडायचा. घरात वयस्कर माणसं एकटी राहत असतील, बोटांत ताकद कमी असेल किंवा बॉयलर अरुंद कपाटात कोंबलेला असेल, तर मी नळीचा हट्ट धरणार नाही. फक्त तो झिजला तर त्याच मॉडेलचा सुटा भाग शोधावा लागतो, एवढं धरून चला.

चावीच्या सोयीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. प्लॅस्टिकची चावी घालून वळवायची, शेजारचा नट सैल करायचा, काम झालं की सगळं उलट क्रमानं. चावी हरवते. काही मॉडेलांत कुलपाच्या खुणेपर्यंत न वळवता ती ओढली तर पाण्याची पिचकारी थेट तोंडावर.

ऑटोमॅटिक सोय ऐकायला सगळ्यांत गोड: प्रेशर घसरलं की यंत्र स्वतःच पाणी भरतं. महिनोन्महिने बंद राहणाऱ्या घरासाठी म्हणून लोक ती घेतात, आणि मला धास्ती नेमकी तिथंच वाटते. साध्या सोयीत जमिनीखालचा पाइप गळायला लागला तर थोडं पाणी जाऊन प्रेशर पडतं, बॉयलर थांबतो, गळतीही थांबत येते. ऑटोमॅटिक सोय त्या गळतीला अखंड पाणी पुरवत राहते. शिवाय प्रत्येक वेळी आत आलेलं ताजं पाणी सोबत ऑक्सिजन आणतं. गंजरोधक औषध पातळ होतं, रेडिएटर आतून गंजून काळा गाळ धरतात. पाणी जड असेल तर क्षारांचा थर चढतो तो वेगळाच. घ्यायचीच असेल तर किती वेळा पाणी भरलं हे मोजून ठरावीक मर्यादेनंतर इशारा देणारी आणि थांबणारी घ्या.

एक गोष्ट मात्र निवडीआधी तपासा: सध्या तुम्हाला किती वेळा पाणी भरावं लागतं? वर्षातून एकदा-दोनदा, किंवा रेडिएटरमधली हवा काढल्यावर, यात काही वावगं नाही. दर आठवड्याला लागत असेल तर चारही सोयी सारख्याच निरुपयोगी. कुठं ओल दिसत नाही, पण तापल्यावर काटा 3 ला भिडतो आणि थंड झाल्यावर तळाला जातो? मग बहुधा एक्स्पान्शन टाकीतली हवा गेली आहे किंवा तिचा पडदा फाटला आहे. तापून फुगलेल्या पाण्याला जागा मिळत नाही, ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून बाहेर पडतं आणि तुम्ही ते पुन्हा भरत बसता. इथं माणूस बोलवायचा.

माझ्याकडची नळी बॉयलरशेजारी खिळ्याला टांगलेली असते, व्हॉल्व्हच्या तोंडांना टोप्या लावून. पाणी भरलं की कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं तारीख आणि काटा कितीवर होता ते लिहितो. दोन तारखांमधलं अंतर कमी व्हायला लागलं, की फोन उचलतो.