100 रुपयांच्या नोंदणीचे साडेचार हजार

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात. वायगावची हळद आमच्याच तालुक्यातली. 2016 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून बाहेरचे लोकही तिचं नाव घेऊन मागतात. आमच्याकडे अर्धा एकर हळद असते, बाकी कापूस आणि तूर. दरवर्षी हळद उकडायची, अंगणात वाळवायची आणि व्यापारी म्हणेल त्या भावाने पोती द्यायची. 2024 च्या मार्चमध्ये मी घरात सांगितलं की या वेळी हळकुंडं विकायची नाहीत. दळून, अर्ध्या किलोच्या पाकिटात भरून ऑनलाइन विकू.

हा विचार चुकीचा नव्हता, आजही मला तो चुकीचा वाटत नाही. म्हणूनच हे लिहिते आहे. माझ्यासारख्या कितीतरी जणी घरी पापड, शेवया, मिरचीचं तिखट करतात आणि मोबाइलवर रस्ता शोधतात. त्या रस्त्यावर कोण उभं असतं, ते त्यांना आधी कळायला हवं.

मोबाइलवर एक जाहिरात आली: ‘महिलांसाठी घरबसल्या ऑनलाइन व्यवसाय, माल तुमचा, ग्राहक आमचे’. त्यात नाव-नंबर भरला आणि तासाभरात फोन आला. माणूस शुद्ध मराठी बोलणारा, आवाज शांत. आधी ‘मॅडम’, दुसऱ्या फोनपासून ‘ताई’. त्याने हळदीबद्दल इतकं विचारलं की मला बरं वाटलं. कधी काढता, किती दिवस वाळवता, रंग कसा येतो. घरात एवढ्या आस्थेने मला कुणी हे कधी विचारलं नव्हतं.

पहिले 2,999 रुपये गेले ते ‘सेलर अकाउंट आणि वेबसाइट’च्या नावाने. दोन दिवसांनी खरंच एक लिंक आली. उघडली तर माझं नाव, आमच्या हळदीचा फोटो, खाली भाव. मी ती लिंक सगळ्या नातेवाइकांना पाठवली. मग 4,500 रुपये ‘फूड लायसन्स’चे, त्यानंतर 5,900 ‘जीएसटी नंबर’चे. प्रत्येक वेळी तो आधी नियम सांगायचा, मग पैसे. नियम ऐकले की माणूस गप्प होतो. सरकारी कामाला पैसे लागतात, हे आपण गृहीतच धरलेलं असतं.

मग ऑर्डर आली. 200 किलो हळद पावडर, 260 रुपये किलोने, म्हणजे 52,000 रुपये. एका कंपनीच्या लेटरहेडवर, शिक्क्यासकट. आमच्याकडे विकण्याजोगी जेमतेम 60 किलो होती. उरलेली 140 किलो मी आमच्या बचत गटातल्या पाच जणींकडून घेतली, पैसे ऑर्डर गेल्यावर देईन या बोलीवर. कुणी लिहून घेतलं नाही, माझा शब्द पुरला. चक्कीवर तीन दिवस दळण चाललं. हिंगणघाटहून पाकिटं आणली, स्टिकर छापून घेतले. ओसरीत 400 पाकिटं रचली तेव्हा भिंतीला हळदीचा हात लागला होता, तो पिवळा पंजा अजून तसाच आहे.

माल तयार झाल्यावर फोन आला की कंपनी पहिल्या ऑर्डरला 18,000 रुपये सुरक्षा ठेव घेते, माल पोचला की पैशासोबत परत. मी गटातून 15,000 कर्ज उचललं, महिना शेकडा एक टक्क्याने, आणि 3,000 घरातले घातले. यजमान म्हणाले, “एवढे पैसे आधी कायले मांगतेत?” मी म्हटलं, “तुम्ही काळजी करू नका, परत येतात ते.” कारण तोवर 13,399 रुपये गेले होते. इथे थांबले तर तेही बुडतील, असं वाटायचं. ही फसवणूक त्या वाटण्यावरच चालते.

शेवटचं पाऊल सगळ्यात साधं होतं. ऑर्डरचा 20 टक्के अॅडव्हान्स, 10,400 रुपये, तुमच्या खात्यात टाकतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा, पिन टाका, म्हणजे खातं तपासलं जाईल. सासूबाई समोर तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, “पैसे येऊन रायले का जाऊन रायले, थे पाह्य आधी.” माझा पिन टाकून झाला होता. 7,500 रुपये वजा झाल्याचा मेसेज आला. त्याने सांगितलं, तांत्रिक अडचण आहे, सगळं एकत्र परत येईल. त्या संध्याकाळनंतर फोन बंद.

पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन फक्त पैसे देण्यासाठी असतो. आपल्या घरातल्या प्रत्येक मोबाइलवाल्या माणसाला हे आजच सांगा.

एकूण 38,899 रुपये. मी नऊ दिवस कुणाला काही बोलले नाही. गटातल्या बाया विचारायच्या, “गाडी कधी येते वं?” आणि मी म्हणायचे, या आठवड्यात. त्या नऊ दिवसांचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. पैसे गेले ते एका माणसाने नेले, पण ते दिवस लाजेपायी माझे मीच गमावले.

शेवटी सगळे कागद घेऊन तालुक्याच्या सेतू केंद्रात गेले. तिथला पोरगा आमच्याच ओळखीतला. त्याने फूड लायसन्सचा कागद हातात घेतला आणि बोटाने आकडे मोजायला लागला. एकदा मोजले, परत मोजले. “काकू, एफएसएसएआयचा, म्हणजे या फूड लायसन्सचा नंबर 14 आकडी असते. हे 13 आहेत.” मग त्याने खरी नोंदणी कशी होते ते दाखवलं. माझ्यासारख्या घरगुती धंद्याच्या नोंदणीची सरकारी फी वर्षाला 100 रुपये. मी 4,500 दिले होते. जीएसटी नोंदणीला सरकार फी घेतच नाही. शिवाय 1 ऑक्टोबर 2023 पासून, उलाढाल मर्यादेच्या आत असेल तर, आपल्याच राज्यात ऑनलाइन माल विकायला जीएसटी नंबरही लागत नाही, जीएसटीच्या पोर्टलवर नावनोंदणी करून क्रमांक घेतला की चालतं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, तीही फुकट. अॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो यांच्यावर विक्रेता म्हणून खातं उघडायलाही पैसे पडत नाहीत.

ऑर्डर देणाऱ्या कंपनीचा जीएसटी नंबर त्याने पोर्टलवर टाकला. नंबर खरा होता, पण भलत्याच धंद्याच्या माणसाचा. ही तपासणी कुणालाही करता येते, फुकट, अर्ध्या मिनिटात. महाराष्ट्रातला नंबर 27 ने सुरू होतो, एवढंही मला माहीत नव्हतं.

तिथूनच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला फोन लावला. त्यांनी प्रत्येक व्यवहाराचा 12 आकडी यूपीआय क्रमांक, तारीख, रक्कम विचारली. तो क्रमांक मोबाइलमधल्या व्यवहाराच्या पानावर असतो, आधीच कागदावर उतरवून ठेवा, फोनवर शोधताना हात थरथरतात. तक्रार सायबर क्राइम पोर्टलवर नोंदली गेली, मग पोलीस ठाण्यात जबाब दिला. शेवटच्या 7,500 पैकी 4,200 रुपये एका खात्यात सापडले, ते गोठवले आहेत, हातात अजून आलेले नाहीत. आधीचे सगळे पैसे त्याच दिवशी पुढच्या पुढे काढले गेले होते. पैसे गेल्या गेल्या, पहिल्या तासा-दोन तासांत फोन केला तर वाचायची आशा असते. मी नवव्या दिवशी केला.

आधार आणि पॅनचे फोटोही मी पाठवले होते. म्हणून आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर माझ्या नावावर किती सिम आहेत ते पाहिलं. सुदैवाने माझंच एक निघालं.

गटाच्या बैठकीत उभी राहून सगळं सांगितलं. एक बाई उठून गेली, तिची 40 किलो हळद माझ्याकडे होती. बाकीच्यांनी ठरवलं की पाकिटं विकायची. वर्ध्याला, हिंगणघाटला नातेवाइकांकडे, बाजारच्या दिवशी समुद्रपूरला बसून. 310 पाकिटं गेली, पाचही जणींचे पैसे दिले. गटाच्या कर्जाचे दोन हप्ते बाकी आहेत. एफएसएसएआयची खरी नोंदणी 100 रुपयांत माझी मी केली.

गेल्या आठवड्यात परत फोन आला. या वेळी ‘रिफंड विभाग’. तुमची तक्रार मंजूर झाली आहे, 38,899 रुपये परत येणार, फक्त 1,180 रुपये प्रक्रिया शुल्क भरा. रक्कम त्याला रुपयापर्यंत ठाऊक होती. एकदा फसलेल्याची यादी हे लोक पुढे विकतात किंवा स्वतःच दुसऱ्या नावाने फोन करतात. सासूबाईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी फोन ठेवला, नंबर वहीत लिहिला, संचार साथीवर ‘चक्षू’ म्हणून संशयास्पद फोन कळवायची सोय आहे, तिथे त्याची माहिती दिली आणि गटाच्या सगळ्या जणींना तो नंबर पाठवला. त्यातल्या दोघींना त्याच नंबरवरून फोन येऊन गेला होता.