महाबळेश्वर, पाचगणी का वाई? खायचंही आहे आणि रस्त्यावरचं गाणंही ऐकायचंय, तर मुक्काम कुठं टाकायचा

गेल्या आठवड्यात पुण्याच्या मावसबहिणीचा फोन आला, दादा आम्ही दोन रात्री येतोय, महाबळेश्वरला राहू का पाचगणीला? पॉइंट बघायचे नाहीत, आईचे गुडघे दुखतात, नुसतं मस्त खायचं आणि संध्याकाळी कुठंतरी बसून गाणंबिणं ऐकायचं. साताऱ्यात राहणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न वर्षातनं चारदा तरी येतो, म्हणून म्हटलं एकदा सविस्तरच लिहावं.

तिला मी आधी एवढंच विचारलं, येताय कधी? कारण खाणं वर महाबळेश्वर-पाचगणीला रोज मिळतं, पण रस्त्यावरचं गाणं आपल्याकडं तिथीवर चालतं, गावावर नाही. तारीख ठरली की गाव आपोआप ठरतं.

खाण्यात महाबळेश्वरच पुढं, यात मला काही शंका नाही. साडेचार हजार फुटांवरची थंडी, अंधार पडला की डॉ. साबणे रस्त्यावरचा बाजार दिव्यांनी उजळतो आणि पाय आपोआप हळू पडायला लागतात. भट्टीतले गरम चणे कागदाच्या पुडीत घ्यायचे, कॉर्न पॅटिस तव्यावरनं उतरल्या उतरल्या खायचं, वेण्णा लेकच्या काठाला भाजलेलं कणीस, लिंबू-तिखट जरा जास्त लावून घ्या. डिसेंबर ते मार्च आलात तर स्ट्रॉबेरी. हिला २०१० साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, पण तुम्हाला त्यापेक्षा हे माहिती पाहिजे की पेटी घेताना खालचा थर बघायचा. वर मोठी लालभडक फळं आणि खाली बारकी, दबलेली असं माझ्या स्वतःच्या बाबतीत झालंय, तेव्हापासनं मी पेटी उघडून, थोडी हलवून मगच पैसे देतो. क्रीम घालून ग्लासमधे मिळते ती एकदा खावीच, पण सकाळी शेताच्या कडेला टोपली घेऊन बसलेल्या बायांकडनं घेतलेली, नुसती धुऊन खाल्लेली, तिची सर त्या ग्लासला नाही. लाल बारीक गाजरं, तुती दिसली तर तीपण घ्या.

आता गाण्याचं. बाजारात कधी बासरीवाला भेटतो, बांबूला बासऱ्या खोचलेल्या आणि एक ओठाला लावलेली, जुनी हिंदी गाणी वाजवत गर्दीतनं चालत असतो. भेटला तर थांबा. पण शनिवार-रविवारी गाड्यांचे हॉर्न, दुकानांचे स्पीकर आणि कुठल्यातरी हॉटेलचा डीजे यात त्याचा आवाज दहा पावलांवर विरतो. मागच्या जानेवारीत आम्ही एका लॉजवर राह्यलो होतो, रात्री अकरापर्यंत गच्चीवर डीजे चालू, आमचे वडील कानात कापूस घालून झोपले, मला फार वाईट वाटलं. तेव्हा महाबळेश्वर करायचं तर मंगळवार-बुधवार करा, बाजार तोच असतो आणि बासरी ऐकू येते.

पाचगणी १८-१९ किलोमीटर अलीकडं, मुक्कामाला निवांत. टेबललँडवर वारं खात भेळ, कणीस, चहा होतो, पण गाडीवरचं खाणं महाबळेश्वरएवढं नाही, आणि वाटेत गुरेघरला मॅप्रो गार्डनमधे पिझ्झा-सँडविच छान असलं तरी ते रस्त्यावरचं खाणं नव्हे. गाण्याच्या बाबतीत पाचगणीची गोष्ट वेगळीच, क्वीन या जगप्रसिद्ध रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी इथल्याच सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि १९५८ च्या सुमारास शाळेतल्या पोरांनी बँड काढला त्यात तो पियानोवर होता. हे आठवून त्या रस्त्यानं चालायला मला आवडतं, पण ते आठवणीतलं संगीत झालं, आज संध्याकाळी बाजारात उभं राहून तुमच्या कानावर काही पडेलच असं मी सांगणार नाही. लहान पोरं आणि शांत झोप हवी असेल तर पाचगणी, बाकी माझा आग्रह नाही.

आणि इथंच लोक चुकतात, दोघांतलं एक निवडायच्या नादात पसरणीचा घाट सरळ चढून जातात आणि पायथ्याची वाई बघतच नाहीत. अहो पसरणी म्हणजे शाहीर साबळ्यांचं गाव, १९२३ साली ते तिथं जन्मले, या मातीत गाणं आहेच. वाईत थंडी सरत येते तेव्हा कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सव असतो, घाटाघाटावर पाळीपाळीनं, नदीकाठी मांडव, कीर्तन, गाणं, भजन, प्रसादाचं जेवण. तिकीट नाही की पास नाही, दगडी पायरीवर बसायचं, शाल गुंडाळायची आणि टाळ-मृदंग सुरू झाला की ऐकत राहायचं, गुडघेदुखीवाल्यांना वरच्याच पायरीवर बसवा, उतरायची गरज नाही. शेजारची आजी न सांगता सरकून जागा देते. मी गेली कित्येक वर्षं जातोय आणि दरवेळी कृष्णेवरनं गार वारं आलं की अंगावर काटा येतो.

रंगपंचमीला वाईजवळच बावधनचं बगाड, म्हणजे नवसाच्या माणसाला उंच लाकडाला बांधून बैलांनी ओढत न्यायचा मोठा गाडा. बैलांच्या जोड्या, गुलाल, सनई, ढोल, हलगी. हलगीवाले मधेच थांबून थोडा जाळ करतात आणि हलगी शेकतात, चामडं ताणलं की आवाज असा कडक निघतो की छातीत बसतो. मात्र गर्दी प्रचंड, मावशीसारख्यांना नेऊ नका, तरण्यांनी जावं आणि लांबनं बघावं. मांढरदेवीच्या काळूबाईला पौष पौर्णिमेच्या यात्रेत नुसतं फिरायला म्हणून जाऊ नका, २००५ साली तिथल्या चेंगराचेंगरीत अडीचशेच्या वर माणसं गेली, इतर दिवशी शांतपणे दर्शन घ्या.

वाईत खाणं साधं. मिसळ, वडा, भाकरी-पिठलं, महाबळेश्वरच्या बाजारासारखी चंगळ नाही. पण वाई ते पाचगणी घाट म्हणजे १२-१३ किलोमीटर, म्हणजे दिवसा वर खाऊन रात्री खाली गाणं ऐकता येतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, माघ-फाल्गुनात वर स्ट्रॉबेरी असते आणि खाली उत्सव, वर्षातनं हे दोन्ही जुळतं ते एवढ्याच दिवसांत.

पावसाळ्यात गाण्यासाठी म्हणून येऊ नका, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो वर, रस्त्यावर उभं कोण राहणार.

साताऱ्यात एक रात्र मोडणार असाल तर राजवाड्याच्या चौपाटीवर खा आणि कंदी पेढे घ्या, खवा खरपूस भाजलेला, गोड कमी, आईला नक्की आवडतील. सकाळी लवकर उठलात आणि नशीब असलं तर वासुदेव दिसतो, मोरपिसाची टोपी, हातात चिपळ्या. आता फार कमी उरलेत. त्याला थांबवून आधी व्हिडिओ काढू नका, पूर्ण ऐका, हातात दान द्या, मग विचारा, तो आनंदानं हो म्हणतो. घरी सुपातनं पसाभर धान्य घालायची पद्धत, प्रवासात नोट द्या, पण सुटे पैसे शोधत त्याला ताटकळत ठेवू नका.

मावसबहिणीला मी पहिली रात्र मधल्या वारी महाबळेश्वर आणि दुसरी वाई सांगितलीय, माघात. तिनं विचारलं वाईत रात्री घाटावर फार थंडी वाजेल का. वाजते. दोन घोंगड्या माझ्याकडनं घेऊन जा म्हटलं.