मोटार उद्योगातून युरोपीय राजकारणाकडे: ब्रुसेल्समधील एक प्रशिक्षणवर्ग

मोटारींच्या उत्सर्जन चाचणीत अठरा वर्षे घालवल्यानंतर युरोपीय संसदेची निवडणूक लढवण्याचा विचार पक्का झाला, तेव्हा मी ब्रुसेल्समधील एका संस्थेच्या पाच दिवसांच्या वर्गात नाव घातले. शुल्क चढे होते, पण तिसऱ्या दिवसाच्या सत्रानेच ते वसूल झाले. नव्या मोटारींचे कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन २०३५ पासून शून्यावर आणणाऱ्या २०२३ च्या नियमावरील दुरुस्ती-सूचनांची पाने आमच्या हाती दिली गेली: डाव्या रकान्यात युरोपीय आयोगाचा, म्हणजे कायद्यांचे प्रस्ताव मांडणाऱ्या संस्थेचा, मसुदा, उजव्या रकान्यात संसद सदस्याने सुचवलेला मजकूर आणि बदललेले शब्द ठळक, तिरप्या अक्षरांत. ज्या मर्यादा गाठण्यासाठी आम्ही चाचणीकक्षात रात्री जागवल्या, त्या एका शब्दाच्या फेरफाराने कशा हलू शकतात, हे तेव्हा प्रथमच उमगले. संसद, सदस्य देशांच्या सरकारांची परिषद आणि आयोग यांच्यातील त्रिपक्षीय वाटाघाटींचा सरावही चांगला झाला. मतदारांशी बोलण्याचा भाग मात्र अर्ध्या तासात उरकला गेला, आणि आम्हा तंत्रज्ञांना मदत लागते ती नेमकी तिथेच. निवडून आल्यास मागील तीन वर्षांतील व्यवसाय हितसंबंधांच्या घोषणापत्रात नोंदवावा लागतो, याविषयीचे मार्गदर्शन स्पष्ट होते. जुन्या कंपनीचे नाव लपवण्याजोगे नाही, हे प्रशिक्षिकेने पहिल्याच दिवशी निक्षून सांगितले.