औसा रोडची सायकल बस: आठ महिन्यांच्या अनुभवानंतर

लातूरमध्ये आमच्या भागातील काही रहिवाशांनी मागील जूनपासून शाळकरी मुलांसाठी ‘सायकल बस’ सुरू केली आहे. माझी दोन मुले, एक पाचवीत आणि एक आठवीत, पहिल्या आठवड्यापासून तिच्यात जातात. त्यामुळे या सेवेविषयी अनुभवाने लिहिता येईल एवढा काळ आता उलटला आहे. प्रवेशाच्या वेळी एकदा २०० रुपये घेतले जातात आणि ते पंक्चरचे साहित्य, शिट्ट्या व परावर्तक जॅकेट यांवर खर्च होतात. मासिक शुल्क नाही.

यात बस कोठेच नसते, नाव मात्र चपखल आहे. राजीव गांधी चौकाजवळून सकाळी ६.३५ वाजता सायकलींचा जथा निघतो, वाटेत नंदी स्टॉपसह तीन थांबे घेतो आणि सातच्या आत शाळेच्या फाटकाशी पोहोचतो. प्रत्येक थांब्याची वेळ ठरलेली असून तेथे दोन मिनिटांपेक्षा अधिक कोणासाठीही थांबले जात नाही. बार्सिलोनातील एशाम्पल भागात २०२१ पासून अशा फेऱ्या ‘बिसीबुस’ या नावाने निघतात आणि संयोजक त्यांचाच दाखला देतात. खरे तर आपल्याकडील खेड्यांतील मुली कोणीही न शिकवता घोळक्यानेच शाळेला जात आल्या आहेत. या संयोजकांनी त्या घोळक्याला वेळापत्रक आणि जबाबदार माणसे जोडली, हे श्रेय मात्र त्यांना दिलेच पाहिजे.

प्रवेश देण्यापूर्वी एका रविवारी सर्व सायकलींची तपासणी झाली आणि तिच्यात आमचीच सायकल नापास ठरली. ‘दोन वर्षांनी पुन्हा कोठे घ्यायची’ या हिशेबाने आम्ही धाकट्यासाठी २४ इंची सायकल घेतली होती. सीट सर्वांत खाली केली तरी त्याचे पाय जमिनीला नीट टेकत नव्हते. कपड्यांच्या बाबतीत वाढत्या अंगाचे घेण्याची आपली सवय चालून जाते. सायकलीच्या बाबतीत तिचा अर्थ असा की, अचानक थांबावे लागले की मूल सायकलीसह आडवे होते. आम्हाला राग आला, नातेवाइकाकडून २० इंची सायकल मागून आणावी लागली, पण तपासणाऱ्यांचे म्हणणे बरोबर होते. ब्रेकचे रबर, चेन, हवा, घंटी आणि कॅरिअरला दप्तर बांधण्याचे पट्टे हेही पाहिले जाते. पाठीवर दप्तर घेऊन येण्यास मनाई आहे, कारण वळताना ते एका बाजूला झुकते आणि मुलाचा तोल जातो.

या सेवेची खरी परीक्षा शिवाजी चौकातील उजव्या वळणावर होते आणि मी पहिले दोन आठवडे स्कूटर घेऊन मागे जात असे तोही त्याच वळणासाठी. एकटे मूल अशा ठिकाणी दोनपैकी एक चूक करते: ते एक तर फार आधीच रस्त्याच्या मध्याकडे सरकते, नाहीतर शेवटच्या क्षणी मागे न पाहता वळते. येथे तसे करू दिले जात नाही. सगळा जथा डाव्या कडेलाच थांबतो, मागे पडलेली मुले येऊन मिळतात, मग एक शिट्टी होते आणि सर्व जण सायकलीवरून उतरून, सायकली हातात धरून, एकाच वेळी रस्ता ओलांडतात. दोन प्रौढ हात वर करून गाड्यांच्या बाजूला उभे राहतात. वाहतूक अडवण्याचा अधिकार पोलिसांचा आहे, स्वयंसेवकांचा नाही, ही जाणीव त्यांना असल्यामुळे ते कोणाशी हुज्जत घालत नाहीत. रस्ता मोकळा मिळाला नाही तर पुढच्या सिग्नलपर्यंत सर्वांना थांबवतात. यात तीन-चार मिनिटे जातात आणि वेळापत्रकात ती आधीच धरलेली आहेत. माझ्या मते या एका गोष्टीसाठीच ही सेवा घेण्यासारखी आहे.

जथ्याचा वेग सर्वांत लहान मुलावर ठरतो, म्हणून आठवी-नववीची मुले कंटाळतात. त्यांच्यावर उपाय म्हणून त्यांनाच शेवटच्या स्वयंसेवकाच्या मदतीला ठेवले आहे. मोठीला हे काम आवडले असावे, कारण घरात स्कूटीचा विषय निघणे बंद झाले आहे. सोळा वर्षांखालील मुलांच्या हाती दुचाकी देणे हा सरळ गुन्हा आहे, पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे ठाऊक असूनही ट्यूशनला गाडीवर जाणारी नववीतली मुले आपल्या शहरात रोज दिसतात.

पंक्चर ही आमच्याकडची नेहमीची कटकट. रस्त्याच्या कडेला वेडी बाभूळ आणि पावसाळ्यानंतर सराटे असतात, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आठवड्यातून एकदा तरी कोणाची ना कोणाची हवा जातेच. वाटेत ठिगळ लावत बसत नाहीत. सायकल थांब्यावरील ओळखीच्या दुकानासमोर ठेवतात आणि मुलाला एखाद्या प्रौढाच्या कॅरिअरवर बसवून नेतात. दुपारी सायकल आणायला पालकाने जायचे.

या दुपारीच सेवेचे दुबळेपण उघडे पडते. शाळा १२.३० ला सुटते आणि परतीची फेरी नाही. कारण समजून घेण्यासारखे आहे: सोबत जाणारे बहुतेक प्रौढ बार्शी रोडवरील एमआयडीसीत आठच्या पाळीला जाणारे कामगार व कर्मचारी आहेत. मुलांना शाळेत सोडून ते एकत्रच सायकलीने पुढे कामावर जातात. मुलांची सोबत हे त्यांच्या वाटेवरचेच काम असल्यामुळे आठ महिन्यांत सकाळची फेरी माणसांअभावी एकदाही चुकली नाही. निव्वळ समाजसेवेच्या उत्साहावर चालणारे उपक्रम आपल्याकडे दिवाळीपर्यंतही टिकत नाहीत, हे आपण पाहतोच. पण तीच माणसे दुपारी कामावर असतात. ज्या रचनेने सकाळ पक्की केली, तिनेच दुपार रिकामी ठेवली आहे. मार्चपासूनच्या उन्हात पाचवीच्या मुलाला भर दुपारी एकट्याने सायकलीवर पाठवण्याचा प्रश्नच येत नाही. निवृत्त मंडळींची किंवा आळीपाळीने पालकांची परतीची फेरी काढा, असे आम्ही दोनदा सुचवले. ‘बघू’ यापलीकडे उत्तर आले नाही. ही टाळाटाळ मला खटकते.

दुसरी तक्रार चौथीपर्यंतच्या मुलांच्या पालकांची आहे. २०२४ च्या शासननिर्णयानंतर त्यांचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरत नाहीत. त्यांच्यासाठी ८.२० ची फेरी जाहीर झाली खरी, परंतु तोवर नोकरदार निघून गेलेले असतात आणि त्या वेळचा औसा रोड हा सकाळी साडेसहाचा औसा रोड नसतो. मी पाहिले त्या दिवशी अकरा मुलांमागे एकच प्रौढ होता. ही फेरी सध्याच्या स्वरूपात मी कोणालाही सुचवणार नाही. पावसामुळे फेरी रद्द झाल्याचा निरोपही ६.२० ला येतो, तो आदल्या रात्री नाही तरी सहापर्यंत यावयास हवा.

आम्ही पुढील वर्षासाठी दोघांचीही नावे नोंदवली आहेत. दुपारी धाकटा पूर्वीच्याच रिक्षाने येतो, त्याची सायकल शाळेतच कुलूप लावून राहते आणि संध्याकाळी मी ती घरी आणतो. निम्मे भाडे घेण्याविषयी रिक्षावाल्या मामांना विचारून पाहिले. ‘सर, सकाळी तुमच्या लेकराची जागा रिकामीच जाते, ती कुणाला विकू?’ असे ते म्हणाले, आणि आम्ही अजूनही पूर्ण महिन्याचे पैसे देतो.