साडेनऊ हजार पाउंडांचा विंच, दोन वर्षं वापरल्यावर

विंच म्हणजे गाडीच्या तोंडाशी बसवलेली, दोर गुंडाळत रुतलेली गाडी ओढून काढणारी विजेची मोटार. तिच्या खोक्यावर ९५०० पाउंड ओढ छापलेली पाहून मी निर्धास्त झालो होतो. म्हणजे सुमारे ४३०० किलो. माझी गाडी सामानासकट अडीच टनांची. वजनाच्या दीडपट ताकदीचा विंच घ्यावा, हा नियम पाळूनही थोडं हातात राहत होतं. पहिल्याच चिखलात गाडी रुतली. पाच मीटरवर छान जाडजूड झाड. दोर लावला, बटण दाबलं. विंच नुसता कण्हत राहिला. फसवलं, असंच वाटलं.

फसवलं नव्हतं. तो आकडा ड्रमवर, म्हणजे दोर गुंडाळला जातो त्या रुळावर, दोराचा एकच थर उरलेला असतानाचा. वर जितके थर, तितका ड्रम जाड, आणि दर थरामागे दहा-पंधरा टक्के ओढ कमी. झाड जवळ असलं की बराचसा दोर ड्रमवरच राहतो. म्हणजे सोयीचं वाटणारं जवळचं झाडच सगळ्यात गैरसोयीचं! आता अशा वेळी कप्पी लावतो. झाडाला पट्टा, पट्ट्याला कप्पी, आणि दोर तिच्यातून फिरून परत गाडीला. वेग निम्मा होतो, पण बळ जवळजवळ दुप्पट. शिवाय दोर जास्त सुटल्यामुळे थरही उतरतात. माहितीपुस्तिकेत याचा तक्ता आहे. मी तो नंतर वाचला.

मोटार आणि गिअर यांना नावं ठेवायला जागा नाही. तक्रार आहे ती सॉलेनॉइडच्या, म्हणजे बटणाच्या इशाऱ्यावर मोटारीची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या डबीबद्दल. एकदा रिकामा दोर गुंडाळत होतो, बटण सोडलं, तरी ड्रम फिरतच राहिला. हूक विंचच्या तोंडाशी दोर आत जातो त्या पट्टीवर जाऊन आदळला, मोटार अडून गुरगुरायला लागली. मेव्हण्याने बॉनेट उघडून पान्याने टर्मिनल काढलं तेव्हा कुठे थांबलं. आतले संपर्क एकमेकांना चिकटले होते. थोडा दोष माझाही. इंजिन बंद, बॅटरी थकलेली. पूर्ण भाराला विंच ४०० अँपिअरच्या आसपास खातो, आणि व्होल्टेज पडलं की संपर्क थरथरतात, ठिणग्या पडतात, डकले जातात. पण डबीत पाणीही सापडलं, ते काही माझं पाप नव्हे. कंपनीने महिन्याभराने बदलून दिली. तोवर मी बॅटरीजवळ मेन स्विच बसवून घेतला होता. तो सोबत द्यायला काय हरकत होती? आता इंजिन चालू ठेवूनच ओढतो, मिनिटभर ओढलं की थांबतो, मोटारीला हात लावून बघतो.

दोर सिंथेटिक आहे. तारेच्या दोरासारखी कुसळं हातात घुसत नाहीत आणि वजनाला हलका. पण लाड फार. चिखलातून आला की सगळा उलगडून साध्या पाण्यात धुवायचा, नाहीतर आत शिरलेली वाळू धागे कापत बसते. विंचचा ब्रेक त्याच्या ड्रमच्या आत आहे, त्यामुळे मोटारीवर दोर सोडत राहिलं तर ड्रम तापतो आणि खालचे वेढे भाजतात. म्हणून भार नसेल तेव्हा विंचचा क्लच सोडून (म्हणजे ड्रम मोटारीपासून मोकळा करून) दोर हातानेच ओढून काढतो. दहा वेढे मात्र ड्रमवर ठेवायचेच. आणि परत गुंडाळताना ताणावर. सपाट जागी दोर झाडाला अडकवून गाडीच हळूहळू पुढे ओढून घेतो, ब्रेकवर किंचित पाय ठेवून. सैल गुंडाळला तर पुढच्या ओढीला वरचा वेढा खालच्यात रुततो. मग तासभर हूकशी कुस्ती.

दोरावर जाड गोधडी टाकणं, हातमोजे, ताणलेल्या दोरावरून कुणालाही पाय टाकू न देणं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी दर वेळी कुणीतरी ओलांडतोच, आणि मी ओरडतोच.

महिन्यातून एकदा विंच दोन्ही बाजूंना थोडा फिरवतो, टर्मिनलं आवळतो. क्लचची मूठ मात्र पहिल्या दिवसापासून घट्ट आहे, आणि गार पहाटे ती फिरवायला अजूनही पक्कड लागते.