डिस्क प्लेअर 'ॲक्टिव्हेट' करायच्या नावाखाली बाबांचे पैसे नेले, नागपूरवाल्यांनो सावध राहा

राजेहो, जरा लांबलं आहे पण पूर्ण वाचा, आणि ज्यांचे आईबाबा दिवसभर घरी एकटे असतात त्यांनी तर वाचाच. डिस्क प्लेअर, स्मार्ट टीव्ही, टीव्हीला मागून लावतो ती स्टिक, यातल्या कशालाच 'ॲक्टिव्हेशन चार्ज' नावाचा प्रकार नसतो. कोणी मागितला तर तो चोर आहे, फोन तिथंच कापा.

झालं असं की भाऊजींची बदली झाली तेव्हा त्यांनी त्यांचा ब्ल्यू-रे प्लेअर (ब्ल्यू-रे म्हणजे डीव्हीडीच्या पुढची, जास्त स्पष्ट चित्राची डिस्क) आमच्याकडे मानेवाड्याला आणून दिला. बाबांचा जुना डीव्हीडी प्लेअर कधीचाच बंद पडलेला आणि इकडे कपाटात डीव्हीडींचा हा एवढा ढीग, नाटकं, जुने हिंदी सिनेमे, ताईच्या लग्नाची स्टुडिओवाल्यानं दिलेली डिस्क. ब्ल्यू-रे प्लेअरवर डीव्हीडी पण चालते आणि याला वायफाय पण होतं, म्हणून बाबा एकदम खुश. मे महिन्याची दुपार, मी मिहानला ऑफिसात, आई आत झोपलेली, बाबांनी कूलर लावला आणि प्लेअर जोडायला बसले. एचडीएमआय केबल, वायफायचा पासवर्ड, सगळं त्यांनी स्वतः बरोबर केलं. मग एका व्हिडिओ ॲपवर गेले तर टीव्हीवर एक वेबसाइटचा पत्ता आणि खाली कोड आला, की या पत्त्यावर जा आणि हा कोड टाका.

इथपर्यंत सगळं खरं होतं. ॲप वाल्यांची पद्धतच तशी आहे, कारण रिमोटनं पासवर्ड टाइप करायला जीव जातो. पण बाबांनी तो पत्ता फोनमध्ये टाकला तो सर्चच्या डब्यात, जिथं आपण सगळेच टाकतो, आणि सगळ्यात वर जे आलं ते 'प्रायोजित' लिहिलेलं. तेच रंग, तसाच लोगो, कोड टाकायला तसाच डबा. कोड टाकला की लाल अक्षरात एरर आणि खाली टोल फ्री नंबर. मी रात्री त्याच पानावर मुद्दाम नुसतं 1111 टाकून पाहिलं, तरी तीच लाल ओळ आणि तोच नंबर! म्हणजे ते पान काही तपासतच नाही, फक्त तुम्हाला घाबरवून फोन लावायला लावायचं.

फोनवरचा माणूस इतका अदबीनं बोलला की बाबा अजून म्हणतात, बँकेत पण कोणी असं बोलत नाही. 'सर, आपका डिवाइस लायसन्स एक्स्पायर है, रीजन भी लॉक है, लाइफटाइम ॲक्टिव्हेशन करना पडेगा, चार हजार नौ सौ निन्यानवे.' बाबा नाही म्हणाले, म्हणाले मला ॲप नकोच, मी डिस्कच पाहतो. तर तो म्हणतो, सर आता प्रोसेस सुरू झाली, आज नाही केलं तर प्लेअर ब्लॉक होईल आणि आतली डिस्क पण करप्ट होईल. आणि आत ताईच्या लग्नाची डिस्क होती, तिची दुसरी कॉपी नाही. त्यात आजी आहे आमची, चालती बोलती. बाबांनी पैसे पाठवले ते ह्या भीतीनं. त्यांना भोळे म्हणू नका कोणी, आयुष्यभर हिशोब लिहिले त्या माणसानं आणि एका पैशाचा घोळ कधी केला नाही. समोरच्याला माणसाच्या कुठं दुखतं ते बरोबर शोधता येतं, धंदाच तो आहे त्यांचा.

मग त्यानं सांगितलं पेमेंट अर्धवट दिसून राहिलं, 12,500 'रिफंडेबल सिक्युरिटी' भरा, लगेच परत येतील. तेही गेले. वरून स्क्रीन शेअर करायचं ॲप टाकायला लावलं, आणि मी घरी पोचलो तेव्हा बाबांच्या हातात फोन, स्पीकरवर तो ओटीपी मागतोय. मी आधी फोन बंदच केला. मग माझ्या फोनवरून 1930 लावला, ती सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे, आणि बँकेत कळवून बाबांचं यूपीआय बंद करवलं. नंतर ते शेअरिंगचं ॲप काढलं, पासवर्ड बदलले. 1930 ला जितक्या लवकर फोन कराल तितकं बरं, कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात मिनिटांत पळतो आणि तो पळायच्या आत खात्यात गोठवला तरच हाती लागायची आशा. आमचे 12,500 असेच होल्ड झाले, ते परत मिळायचा अर्ज सुरू आहे. 4,999 गेले ते गेलेच. बँक म्हणते पिन खातेदारानंच टाकला. म्हणून ट्रान्झॅक्शन नंबर, मेसेज, त्या पानाचे स्क्रीनशॉट, काहीच डिलीट करू नका, तक्रारीत सगळं लागतं.

आता तो जे बोलला त्यातलं खोटं सांगतो, कारण हे माहीत असतं तर बाबांनी त्याला दोन मिनिटांत वाटेला लावलं असतं. डिस्क पाहायला नेटची गरजच नाही. कंपनीच्या ब्ल्यू-रे डिस्कवर कोणी कॉपी करू नये म्हणून डिजिटल कुलूप असतं आणि त्याच्या किल्ल्या प्लेअरमध्येच असतात. नवीन डिस्कसाठी त्या किल्ल्या अधूनमधून बदलतात म्हणून फर्मवेअर, म्हणजे प्लेअरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करावं लागतं, आणि ते सेटिंगमधूनच होतं, नाहीतर कंपनीच्या साइटवरून पेन ड्राइव्हवर घेऊन, दोन्ही फुकट. लग्नाच्या घरगुती डिस्कवर तर कुलूपच नसतं आणि फोनवरून डिस्क करप्ट करणं कोणाच्या बापाला जमत नाही. रीजनचं पण तसंच. रीजन म्हणजे डिस्क कुठल्या देशांत चालावी यासाठी कंपन्यांनी पाडलेले जगाचे भाग. आपला देश ब्ल्यू-रेला सी आणि डीव्हीडीला 5, अमेरिकेची ब्ल्यू-रे ए रीजनची असते म्हणून ती इथल्या प्लेअरवर सहसा लागत नाही, पण त्याचा लायसन्सशी काही संबंध नाही. आणि पॅकेजमध्ये यूट्यूब पण चालू करून देतो म्हणाला! 2012 किंवा त्याआधीच्या बऱ्याच टीव्ही आणि प्लेअरवरचं यूट्यूब 2015 मध्येच बंद झालं, आमचा प्लेअर त्याच वयाचा, तो आयकॉन पैसे देऊन चालू होणारच नाही. असं असेल तर टीव्हीला एक स्ट्रीमिंग स्टिक लावा आणि प्लेअर डिस्कपुरता ठेवा.

त्याच रात्री मी ते ॲप पुन्हा उघडलं, टीव्हीवर नवा कोड आला. पत्ता एकेक अक्षर बघून फोनच्या ॲड्रेस बारमध्ये टाकला, कोड भरला, लॉगिन केलं, झालं सुरू. एक रुपया लागला नाही. बाबा बाजूला बसून बघत होते, एक शब्द बोलले नाहीत, मला ते पाहवत नव्हतं.

आणि हो, अजून एक. आता वेगळ्याच नंबरवरून फोन येऊन राहिले आहेत, 'रिफंड डिपार्टमेंट से बोल रहे हैं, रिक्वेस्ट भेजी है, पिन डालिए, पैसा वापस आएगा.' यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. एकदा फसलेल्याचा नंबर हे लोक पुढं देतात बहुतेक, त्याशिवाय यांना प्लेअरचं कसं माहीत? ते नंबर मी संचार साथी या सरकारी साइटवर 'चक्षू'मध्ये, म्हणजे संशयित फोन-मेसेज कळवायच्या जागी, टाकले आहेत. तुमच्याकडे असे फोन आले असतील तर तुम्ही पण टाका.